रुकय्याचा कापलेला पासपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. अम्गरा, कुवेत.

कुवेती नागरिकत्वासाठी रुकय्याने काय काय दिलं? लग्नानंतर अठरा वर्षं वाट पाहिली, आणि स्वतःचा भारतीय पासपोर्टही सोडला. एवढं देऊन मिळालेलं कुवेत सरकारने काढून घेतलं. लग्नामुळे कुवेती झालेल्या बायकांच्या यादीत तिचंही नाव आलं.

आज ती माझ्या वर्कशॉपवर आली. दापोलीकडची, आमच्या शेजारच्या गावची. मला भाऊ म्हणते. पिशवीतून जुना पासपोर्ट काढला. रद्द झालेला, कोपरा कापलेला.

"भाऊ, यावर गावी जाता येईल का? आईने जेवण सोडलंय."

"नाही गं. तो संपला."

"मग मी कुठली?"

नवरा कुवेती, मुलं कुवेती. आणि ही? मी म्हटलं, "सव्वीस वर्षं इथे काढलीत मी. कागदाचं काम माझ्यावर सोड."

हसली. "तुमचा शब्द म्हणजे शिक्काच की!" टोमणा होता का? एरवी माझे कान तिखट, पण कळलं नाही.

भारतीय दूतावासात कामं करून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला तिच्यासमोरच फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, ती आता भारतीय नाही. कुठल्या तरी देशाचा पासपोर्ट दाखवा, मग व्हिसाचं बोलू." तिने ऐकलंच असणार. कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिली. चहा तसाच.

भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना म्हणाली, "जाऊ दे भाऊ, तुम्ही तरी काय करणार?"

भारतीय नागरिकत्व सोडायचा तिचा अर्ज मीच भरून दिला होता.