तुम्ही यज्दले मरायले गेल्या होत्या

माजी, काल सकाळी मी मेली होती. जास्त वेळ नाही, चहा थंडा होईपर्यंतच. पुतण्याची सून कप घेऊन आली, "आजी, उठल्या का?" म्हणे, आन् मी डोळे मिटून, श्वास धरून पडून राह्यली. खोडी काढायची होती, दुसरं काही नाही. या वयात दुसऱ्या कोणत्या खोड्या करता येते? तिनं कप खाली ठेवला, माझ्या नाकापुढं बोट धरलं, आन् मंग मले हसू फुटलं. पोट्टी नाही हसली. "असं कोणी करते का आजी?" म्हणत रडत रडत अंगणात निघून गेली. तिचं ते तोंड पायलं आन् मले तुम्ही आठवल्या. म्हणून आज कागद घेऊन बसली. बोरगावच्या शाळेतलं चौथीचं अक्षर आहे. तुम्ही त्याले कोंबडीचे पाय म्हणत होत्या. कोंबडी आता म्हातारी झाली, एवढाच फरक.

तुमच्या घरी आली तेव्हा मी पोरसवदाच होती. नवरा तापानं गेला, सासरच्यायनं मले सावरगावाहून उचलून सौसरले मायच्या दारात आणून सोडलं, आन् मायनं पांढुर्ण्याच्या जिनिंगवाल्या पारशी साहेबाच्या बंगल्यावर सैपाकाले ठेवलं. तुम्ही साहेबाच्या आई. पहिल्याच दिवशी तुम्ही भेंडीवर अंडं फोडायले लावलं, दुसऱ्या दिवशी आलूवर, तिसऱ्या दिवशी टमाट्यावर. मी म्हटलं, "माजी, साहेबाची टोपी खुंटीले टांगली आहे, तिच्यावर बी फोडू का एक?" तुम्ही डोळे वटारले. "दिकरी, तू रांधायला आली के मस्करी करायला?" मी म्हटलं, "पगार रांधायचा आहे, मस्करी फुकट." नवरा गेल्यापासून माझ्यासमोर कोणी हसलं नव्हतं. तुम्ही हसल्या, तं दात काढून हातात घ्यायची पाळी आली तुमच्यावर.

तुमचे मालक जिनिंगच्या मागं, लिंबाखाली मातीत होते. तो सल तुमच्या मनातून कधी गेला नाही. तुमच्यात माणूस गेलं की डोंगरावरच्या गोल भिंतीच्या आत, उघड्यावर, पाखरायले देतात. मातीत नाही टाकत. पण पांढुर्ण्यात तसा डोंगर कुठं? "एक त्याला टाकला मातीत, मला नाय टाकू देणार," असं तुम्ही सरकी वाळवता वाळवता म्हणत. मंग एक दिवस साहेबायले सांगतलं का मले आपल्या आज्याचं गाव पाहायचं आहे, इराणात, यज्दजवळ. साहेबाले वाटलं, देवदर्शन आहे. पेटी मी भरली, म्हणून मलेच कळलं. सगळ्यात खाली पांढरे, धुतलेले, घडी केलेले कपडे, आन् परतीच्या थंडीसाठी एक शाल नाही. मी तुमच्याकडं पायलं. "बोलशील तर जीभ कापीन," तुम्ही म्हटलं. "मंग मलेच काऊन नेता?" "तू हसते. आन् तुझ्यामागे रडायला नवरा नाय, पोर नाय." ते मले लागलं होतं, माजी. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

पोळा झाला आन् आपण निघालो. मुंबईहून बोट. मुंबईत बी तुमचा तसा डोंगर होता, पण तुम्हाले आज्याच्या गावचाच पाहिजे होता. मी कठड्याले धरून उलट्या करून राह्यली आन् मरायले निघालेली म्हातारी डेकवर बसून नानखटाई खाऊन राह्यली. बंदरावर उतरल्यावर लॉरी, मंग दुसरी लॉरी, आन् दोन्ही बाजूले नुसती माती. ना झाड, ना पाखरू. मी म्हटलं, "माजी, इथं पाखरंच दिसत नाही, तुम्हाले खाईन कोण?" तुम्ही मले अशी चापट मारली का लॉरीवाला मागं वळून पाहायले लागला.

मंग तुमच्या आज्याचं गाव. तिथं तुमच्या लांबच्या नात्यातली ती बाई, तिचं मातीचं घर, वर वारा पकडायचं ते उंच धुराडं, खाली जमिनीच्या पोटात पाणी, पायऱ्या उतरून आणायचं. तिथल्या बायायच्या विजारी अशा रंगीबेरंगी, जशी पोळ्याची बैलंच. तिनं माझं पांढरं लुगडं पायलं आन् स्वतःच्या डोक्यावरची हिरवी ओढणी काढून माझ्या डोक्यावर टाकली. मी चटका बसल्यासारखी मागं झाली. आमच्यात विधवेनं हिरवं घ्यायचं नसते. तुम्ही उन्हात डाळिंब सोलत होत्या, वर न बघताच म्हटलं, "घे नी. इथे तुझी सासू येणार नाय." मी घेतली. आरसा नव्हता तिथं, म्हणून पाण्यात पायलं.

प्रार्थना तुमची आन् तिची एकच, पण भाकर मागायची तं हातवारे. पांढुर्ण्यात सारं गाव तुम्हाले इराणीण म्हणत होतं. तिथं लेकरं मागं धावत, हिंदुस्थानची म्हातारी, हिंदुस्थानची म्हातारी करत. तुम्ही गच्चीवर बसता, समोरच्या डोंगरावरची ती गोल भिंत पाहता, आन् मरणाची वाट पाहता. आन् मरण येत नाही. कोरडी हवा, डाळिंबं, तुमचा खोकला बी गेला. रोज सकाळी मी चहा घेऊन येतो, दारातूनच विचारतो, "काय माजी, आज बी राह्यल्या?" तुम्ही म्हणता, "राहिली नी, मेली! चहा दे."

मंग त्या दिवशी तुम्ही बोलल्याच नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा कप खाली ठेवला आन् त्या घरच्या बाईले हाक मारली. ती घरवाली धावत आली, तुमचा हात धरून बसली. तेव्हा तुम्ही एक डोळा उघडला. "बघत होती, तू रडते के हसते." मी हसली. मोठ्यानं हसली, घागर उचलली आन् पाणी आणायले गेली. दुपारी तुम्ही विचारलं, एवढा वेळ का लागला? मी म्हटलं, पायऱ्या लय आहे.

त्याच आठवड्यात तुम्ही गच्चीवर म्हटलं, "तिकडे संत्री उतरली असतील." थोड्या वेळानं म्हटलं, "तो तिथे मातीत एकटाच आहे नी." मंग डोंगराकडं पाठ करून बसल्या. मी पेटी भरायले घेतली. त्या बाईनं तुम्हाले एक जाड शाल दिली.

नागपूरच्या स्टेशनावर डब्यात चढलेल्या एका माणसाकडून कळलं का आपण नव्हतो तेवढ्यात राज्यं बदलली. आपल्या राज्याचं नाव तेच, पण नागपूर त्यातून निघालं. आता कागद भोपाळले जाईन म्हणे. तुम्ही त्या माणसाले म्हटलं, "दोन पैसे टाकून बाई बाहेरगावी जाते, तर तुम्ही घरच सरकवून ठेवता?" सारा डबा हसला. मले हसता नाही आलं. माय सौसरले आजारी होती आन् तिचं माहेर नागपूरकडचं, ते आता परराज्यात गेलं. तिले कोणी सांगतलं असन का?

उन्हाळ्यात तुम्ही गेल्या. सकाळी मी चहा घेऊन आली, दारातून विचारलं, "आज बी राह्यल्या?" तुम्ही गप. मी कप हातात धरून उभीच राह्यली. एक डोळा उघडाल म्हणून उभी राह्यली. साहेब येईपर्यंत उभी होती. लिंबाखाली मालकाच्या बाजूले तुम्हाले ठेवलं, तुमच्याच सांगण्यावरून, ते पांढरे कपडे घालून. पेटी मीच उघडली.

आता जिनिंग नाही, लिंब नाही. पांढुर्णा जिल्हा झाला, परवा ढोल वाजले. मले बसल्या बसल्या आणखी एकदा गाव बदलून भेटलं. हे पत्र टाकायले जागाच कुठं राह्यली? उशाशीच राहीन.

त्या सुनेचं तोंड पायलं म्हणून सांगतो. ती रोजची माझी थट्टा थट्टा नव्हती. पहिले पहिले मले माझं भ्या होतं, ही गेली तं मले इथून घरी कोण नेईन. त्या दिवशी तुम्ही बोलल्या नाही, तेव्हा घर मले आठवलंच नाही. मी खाली पाण्याजवळ बसून राह्यली होती, तुमची हाक येईपर्यंत. पायऱ्या लय नव्हत्या, माजी.