बायजा घारे हिच्या कुंभिवलीच्या कोटिंग शेडबाबत शेवटचा शब्द

मी, बायजा हिरामण घारे, वय एकसष्ट, धंदा आगरोधक कोटिंगचा, राहणार कुंभिवली, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव पुष्कळांनी आणून पाहिला, तो मी जुमानलेला नाही, एवढं नमूद करते.

१. गावातलं राहतं घर माझ्या पतीच्या वाट्याला आलेलं आहे. त्यातला माझा हिस्सा मुलगा देवेश याला द्यावा. बँकेतली माझी ठेव नात आरोही हिच्या शिक्षणासाठी राहील. ती देवेशने मोडू नये, नि आरोहीने लग्नात उडवू नये.

२. हायवेलगतची शेड, तिच्याखालची जागा, फवारणीचं मशीन, कॉम्प्रेसर, लेपाची जाडी मोजायचं मीटर आणि "बायजा कोटिंग्ज" हे नाव, ही सगळी माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित नाही. माझे दीर नवनाथ घारे तसं सांगत फिरतात, ते खोटं आहे. ही सर्व मिळकत मी सुनंदा धाऊ पारधी, राहणार कोंडाण्याजवळची ठाकरवाडी, हिला देत आहे.

देवेशला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहिते.

माझे पती हिरामण एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. तिथे आग लागली तेव्हा टाकीकडून येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा होता. तो विजेच्या मोटरवर चालायचा. यांनी कंट्रोल रूममधून बटण दाबलं, पण मोटर आणि तिची केबल आधीच जळून गेली होती. मग हे हाताने चाक फिरवायला धावले. व्हॉल्व्ह बंद झाला, माणसं वाचली, हे परत आले नाहीत.

दिवसकार्य व्हायच्या आत कंपनीची माणसं कागद घेऊन आली. "मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे" असं त्यात होतं. नवनाथभावजी म्हणाले, "वयनी, कर सही. गेलेला माणूस काय परत येनार हाय का?"

मी म्हटलं, "माणूस नाय येनार. पण त्याच्यावर आळ पन नाय येनार."

सही केली नाही. कोर्टात गेले. ते वाक्य पुसून घेतलं, तेव्हाच उठले.

अशा मोटरवर आगरोधक लेप देता येतो, हे मला त्या खटल्यात कळलं. आगीत तो फुगून जाड काळा थर होतो आणि आतलं यंत्र काही काळ तापू देत नाही. लेप विकणाऱ्या कंपनीच्या सुरभी मॅडमनी हे काम मला हाताला धरून शिकवलं. त्यांचे उपकार आहेत. भावजी चारचौघांत म्हणाले होते, "बाईमानसानं तोंडाला मास्क लावून फवारा मारायचा? लोक थुकतील." लोकांनी कामं दिली.

सुनंदा माझ्याकडे गंज खरवडायला रोजावर आली आणि फवारा मारण्यात माझ्यापेक्षा तयार झाली. साजगावच्या एका कारखान्यात आम्ही व्हॉल्व्हच्या मोटरवर आणि केबलवर लेप देत होतो. लेप अर्धाच बसला असताना तिथला मॅनेजर म्हणाला, "आता वरून रंग मारा आणि पूर्ण झालं म्हणून सही द्या. उद्या तपासणी आहे." मी नाही म्हटलं. त्याने आमचा गेटपास काढून घेतला. देवेशने फोनवर विनवलं, "आई, दे ना सही. सगळेच देतात."

मी सुनंदाकडे पाहिलं. घरात कमावती ती एकटीच. ती गेटसमोर फतकल मारून बसली नि म्हणाली, "ताई, तू बस गं. मी पन बसते. तपासनीवाला हितूनच जाईल ना?"

तपासणीवाल्या साहेबांना आम्ही गेटवरच सांगितलं. मॅनेजरला लेप पुरा करून घ्यावा लागला. त्यानंतर त्या कारखान्याने आम्हाला पुन्हा उभं केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिथेच पंपाने पेट घेतला. व्हॉल्व्ह आगीने वेढला. ऑपरेटर निलेश दुसऱ्या दिवशी माझ्या शेडवर आला. उभ्या उभ्याच सांगितलं त्याने, "मावशी, बटन दाबलं न् तो फिरला गं. मी जाग्यावरनं हाललो पन नाय."

तो गेल्यावर मी शटर खाली ओढलं आणि ओक्साबोक्शी रडले. सुनंदा बाहेर बसून राहिली, कोणाला आत येऊ दिलं नाही.

देवेश, तुला ती जागा विकून धाबा काढायचा आहे. धाबे पुष्कळ आहेत. "वाडीवरच्या बाईला हायवेची जागा?" असं विचारलंस, त्याचं उत्तर हेच: होय, वाडीवरच्या सुनंदालाच.

३. सुनंदाने माझ्या नावाखाली अर्धवट लेपावर कधीही सही देऊ नये. धंदा बसला तरी चालेल.

४. नवनाथभावजींनी माफी मागितलेली नाही आणि मीही केलेली नाही. माफी हीसुद्धा स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती कोणाच्या नावे करायची ते माझं मी ठरवते. त्यांना काही नाही.

५. माझ्या चितेला अग्नी देवेशनेच द्यावा. तो माझा मुलगा आहे आणि माझा जीव आहे त्याच्यावर. हे मृत्युपत्र त्याने कोर्टात नेलं तरी तो जीव तसाच राहील. पण कोर्ट मी पाहिलेलं आहे, हे त्याने ध्यानात ठेवावं.

सहीपूर्वी स्वहस्ते जोडलेला मजकूर: आत्ता कचेरीच्या बाकावर असताना देवेशचा फोन आला. "आई, सही करू नको. मी निघालोय. आधी बोलू."

मी सांगितलं, "ये रं बाळा, सावकाश ये. सही करून झाली की बोलू."

साक्षीदार:
१. इंदूबाई कडव, कुंभिवली (सही)
२. डॉ. रुद्र देशमुख, खोपोली (सही)

लिहून ठेवणार: बायजा हिरामण घारे (सही)
ठिकाण: खालापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४