दोन तासांवरची दिल्ली

बुद्धघोषदादा, जय भीम.

परवा फोनवर आईला परत म्हणालास, "दिल्ली-पुणे विमानानं दोनच तास लागतेत, कधीबी येतो." पुण्याहून बेंबळीपर्यंतचे सहा-सात तास तू कधी मोजतच न्हाईस.

आज तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायला रिक्षा दारात आली, तर म्हणाली, "दादा दोन तासावर हाय, त्याला येऊ दे की." तिसऱ्यांदा तारीख गेली. तिला आता माझं तोंडबी नीट दिसत न्हाय. मी चिडले तर म्हणते, "तुझं का गं पोट दुखतंय?"

हे पत्र पाठवणार न्हाय. वाचलंस की लगेच फोन करून "निघतोच" म्हणशील, अन् ती पुन्हा थांबेल. एकदा तरी तिला सांग ना दादा, की मी लई लांब हाय.

वैतागलेली,
चैताली