जुई महेश वडनेरभैरवकर हिच्या नावाबाबत

काल, गुरुवारी दुपारी, महापालिकेच्या जन्मनोंदीत माझ्या नातीचे नाव चढले : जुई महेश वडनेरभैरवकर. दाखला मी अजून पाहिलेला नाही. माझी मुलगी सुवर्णा हिने खिडकीसमोरूनच फोन करून तो अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. नाव घालण्याची वर्षाची मुदत संपायला सव्वीस दिवस उरले होते.

मी, बहिरू पुंजाराम वडनेरभैरवकर, वय ७७, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता घरीच असतो. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो तो वयाने; कोणी धरून लिहवून घेतो म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने पूर्णपणे रद्द करतो.

कलम १. राहते दोन खोल्यांचे घर मुलगा महेश व सून सायली यांना निम्मे-निम्मे, विनाअट. आधी अट होती. महेशच्या पहिल्या अपत्याला माझ्या वडिलांचे किंवा आईचे नाव ठेवले तरच घर त्याला, नाहीतर गावच्या देवळाला. मुलगी झाल्यावर मी ती अट सर्वांना वाचून दाखवली. म्हणजे माझ्या आईचे नाव, धोंडाबाई. महेश नावाविनाच नोंद करून आला, आणि पोरगी लसीच्या कार्डावर अकरा महिने ‘बेबी ऑफ सायली’ राहिली.

कलम २. माळ्यावरची तीन फुटी काळी पाटी कोणाला द्यावी अशी वस्तू नाही, पण तिचा उल्लेख हवा. तिच्यावर मी खडूने नावे लिहून पाहत असे. आडनाव नऊ अक्षरांचे. तेजस्विनी लिहिले तर महेश मावत नव्हता. सायली चांदवडकडची, तोंडाची फटकळ. म्हणाली, “अप्पा, तुमचं आडनाव म्हंजे एसटीची पाटी हे. पुढं अजून किती गावं लिहिता? आन् धोंडाबाई तरी कुठं बसती?”

“बसवीन. अक्षर बारीक करीन.”

“पण आजीला धोंडा का म्हणत व्हते?”

मी सांगितले. आईच्या आधीची तीन भावंडे गेली होती. चौथीला नजर लागू नये म्हणून तिला धोंडा म्हटले.

सायली पोरीला खांद्यावर थोपटत होती. पोरगी सातव्या महिन्यात झालेली, तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. सायली म्हणाली, “भ्यायचं ते आमचं भिऊन झालं, अप्पा. आता पोर जगली हे. आता तरी साधं नाव ठिवू द्या.”

मी फडके घेऊन पाटी पुसली.

कलम ३. माझे सर्व ब्रश सुवर्णाला. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. तो मी हिसकावला होता, म्हणून ती माझ्याशी हो-नाहीपुरतेच बोलत होती. परवा फोन करून मी म्हणालो, “नाव तू सांग.”

“जुई.”

“इतक्या लवकर?”

“अकरा महिने घोकतेय, अप्पा. तुम्हीच लाईन बिझी ठेवली होती.”

पाटीवर जुई लिहिले. महेश मावला, आडनाव मावले, कडेला चार बोटे जागा उरली. त्या रात्री मी झोपेची गोळी न घेता झोपलो.

कलम ४. धाकटा भाऊ सोमनाथ याने नोकरीला लागताना आडनाव कापून वडनेरे केले. त्याला माझी आरी द्यावी. कापायची हौस त्याला आहे. राग आता नाही, पण आरी त्यालाच द्यावी.

कलम ५. पोस्टातली ठेव जुईच्या शिक्षणाला. पुढे तिने नाव बदलले, आडनाव ठेवले किंवा टाकले, तरी कोणाच्या हिश्श्यात फरक पडू नये.

परवा रविवारी, रथसप्तमीला, बारसे आणि बोरन्हाण एकदमच आहे. पाळणा शेजारच्या भागीबाईंनी दिला आहे. पोरगी आता काठ धरून उठते, त्यामुळे ती पाळण्यात निजेल असे कोणालाच वाटत नाही. सुवर्णा कानात नाव सांगेपर्यंत तिला धरून ठेवायचे काम माझ्याकडे आले आहे.

सही : बहिरू पुंजाराम वडनेरभैरवकर

अप्पांनी हे आम्हाला वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार : १) नवनाथ केदा गांगुर्डे २) भागीबाई रामदास निरभवणे

नाशिक, शुक्रवार, २३ जानेवारी २०२६