पळालेल्या माणसाची खाट

बाई,

आज खिडकीजवळची खाट रिकामी झाली आणि चादर बदलताना तुमची आठवण आली. त्या खाटेवरचा माणूस बरा होऊन गेला नाही. त्याला सकाळी तुरुंगात नेलं. मांडीत सळी, काखेत कुबड्या, पुढेमागे शिपाई. तुम्ही वारून इतकी वर्षं झाली की तुम्ही जिथे मुख्य सिस्टर होतात त्या वॉर्डातल्या नव्या मुलींना तुमचं नावही ठाऊक नाही, पण हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते कळत नाही. घरी सांगितलं तर म्हणतात, कामावरचं कामावर ठेवून येत जा. आणि कामावर सगळेच दमलेले.

तुमचा पहिला ओरडा मला आठवतो. मी नवीन होते. लोकांनी चोर म्हणून बडवलेला एक माणूस आला होता, आणि ड्रेसिंग करता करता मी त्याला विचारलं, काय चोरलं होतंस रे? तुम्ही मला हाताला धरून पॅन्ट्रीत नेता. स्टोव्हवर चहा उकळतोय, तुम्ही त्याच्याकडेच बघत बोलता, "तू जखम पुसायला आली आहेस की जबानी घ्यायला?" मी रडायला लागते. मग तुम्ही चहा गाळून माझ्याच हातात देता. त्यानंतर मी कुठल्याच पेशंटला असं विचारलं नाही. खिडकीजवळच्या या माणसालाही नाही. त्याचं त्यानेच सांगितलं.

पेठ तालुक्यातला माणूस, इथे शहरात स्लॅबच्या सेंटरिंगच्या कामाला. सकाळी मोटारसायकलवरून इंदिरानगरच्या साइटवर निघाला होता. हायवेखालच्या बोगद्याच्या अलीकडे पोलिसांची नाकाबंदी होती. "पहिली शिट्टी ऐकूच नाय आली, सिस्टर," तो म्हणाला. "डोक्यात हेल्मेट, बाजूला ट्रक. पुढं गेल्यावर आरशात बघितलं तर ते मागं लागलेले. लायसन संपलेलं, पण त्याची काय, पावती फाडली असती. पण साइटवर सगळे सांगायचे, नवा नियम आलाय, नाकाबंदीतून पळाला की सरळ आत, जामीनपण लवकर नाय. म्हटलं, मी तर पळालोच ना आता. थांबलो तरी आत, नाय थांबलो तरी आत. मग गाडी दामटली." पुढच्या वळणावर एक बाई रस्ता ओलांडत होती. तिला उडवून तो दुभाजकावर आपटला.

पूर्वी असे पळालेले लोक यायचेच नाहीत असं नाही, बाई. खरचटून यायचे, दंड भरायचे, जायचे. नियम कडक झाल्यापासून हाडं मोडून येतात. आणि आले की खाटेला बेडी, शेजारी पहारा. याच्या पहाऱ्यावर एक वयस्क हवालदार असायचा, सिन्नरकडचा. खुर्ची भिंतीला टेकवून बसायचा आणि कंबर दुखते म्हणून माझ्याकडे मलम मागायचा. एकदा म्हणाला, "मी शाळेपुढच्या चौकात असायचो सिस्टर. शाळा सुटली की पोरं पार करून द्यायचो. आता हा झोपलाय का जागा, ते बघत बसतो. मी उठलो की दुसरा बसतो."

"मग चौकात कोण असतं?"

"सिग्नल हाय ना," असं म्हणून तो हसला. तो सिग्नल बंद असतो. मी रोज तिथूनच येते.

जिला धडक बसली ती बाई खालच्या बायकांच्या वॉर्डात आहे. खुबा मोडलाय. एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी तिला बघायला गेले तेव्हा तिने माझा हातच धरला. "त्याला सोडू नका हं. माझं काय केलंय बघा त्याने." मी म्हटलं, नाही सोडणार. खोटं काय बोलायचं, मलाही त्या क्षणी तसंच वाटत होतं. मग ती म्हणाली, शाळेत अजून दुसरी बाई मिळालेली नाही, पोरांना बिस्किटं वाटतात. "एवढ्याशा बिस्किटाने होतंय का त्यांचं?" याचंच तिला जास्त लागलं होतं.

आज दुपारी त्या माणसाची बायको आली. फडक्यात नागलीच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. रिकाम्या खाटेजवळ उभी राहिली. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"नेलं? पाय बरा झाला का मग?"

"नाही अजून."

"तिथं पट्टी कोण बदलील?"

मी म्हटलं, तिथेही डॉक्टर असतात. ती मान हलवत राहिली. मग तिने विचारलं, तिकडे बस कुठून मिळेल. मी तिला तुरुंगाकडे जाणारी नाशिकरोडची बस सांगितली, स्टॉपपर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाली, ठेकेदाराने दुसरा माणूस लावला, खोलीही सोडावी लागेल. त्या बोलण्यात तक्रार नव्हती. बस आली, ती चढली. मी हात हलवला, पण तिने बघितलं नाही.

संध्याकाळी आमच्या सोसायटीत सभा होती. तो अपघात आमच्याच रस्त्यावरचा, म्हणून सगळे चिडलेले. पळणाऱ्यांची शिक्षा आणखी वाढवा असं निवेदन द्यायचं होतं. चेअरमन म्हणाले, "पळतो म्हणजे काहीतरी लपवतोच. चांगली दहा वर्षं आत टाका, बघू कोण पळतो ते." मला उठून सांगायचं होतं की हा आत जायच्या भीतीनेच पळाला होता. ती खाट, तो चौक, ती बिस्किटं, या सगळ्याची किंमत आपणच मोजतोय, एवढं तरी सांगायचं होतं. मी वाक्य जुळवत होते. पाय सुजले होते. शेजारची म्हणाली, "तुम्ही तर रोज बघता सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?"

मग मतदान झालं. तुम्ही असता तर हे सगळं ऐकून घेऊन एवढंच विचारलं असतं, की तू काय केलंस. म्हणूनच हे पत्र मी तुमच्या मुलीकडेसुद्धा पाठवणार नाही. मी निवेदनाच्या बाजूने हात वर केला, बाई. सभा संपावी आणि घरी जाऊन पडावं, एवढंच मला हवं होतं.