डॉक्टरांचे आभार

आई, त्या खालापूरच्या डॉक्टरची मी काल भर सभेत जिरवली.

माझ्याही किडन्या तुझ्यासारख्याच गेल्या, हे तुला माहीत नाही. कर्जतला डायलिसिस चालू आहे. सुया घालता याव्यात म्हणून मनगटाशी धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला, पण महिने गेले तरी शीर काही फुगेना. नव्या डॉक्टरीणबाईंनी हातावरून बोटं फिरवली, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "जोडाच्या वरच शीर अरुंद झालीय. फुग्याने उघडू." तारेवरून बारीकसा फुगा आत घालून त्यांनी ती उघडलीसुद्धा. आता सुया तिथेच. हात ठेवला की आत थरथर लागते, मांडीवरचं मांजर गुरगुरतं तशी. मी विचारलं, "माझ्या आईचंही असंच झालं असेल का हो?" त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय कसं सांगू?"

तेच तर! तुझ्याही फिस्टुलाची शीर फुगली नव्हती, पण तुला कुणी तपासलंच कुठे? तो मेला डॉक्टर खुर्चीतूनच ओरडायचा, "चेंडू दाबत नाही तुम्ही, शीर फुगणार कशी? नुसता आळस!" बाकावरची माणसं बघत असायची. तू मान खाली घालून म्हणायचीस, "दाबते ओ डॉक्टर, रोज दाबते." तुला आळशी म्हणाला, तुला! पळसदरीच्या घरी तू चुलीपुढे बसली आहेस, उजव्या हाताने तव्यावरची भाकरी उलटते आहेस, डाव्यात तो रबरी चेंडू, बोटं सुजलेली. मी म्हणते, "ठेव गं आता तो." तू म्हणतेस, "नाय गं, डॉक्टर रागावतील." शेवटपर्यंत मानेतल्या नळीवरच डायलिसिस झालं. त्या नळीतून जंतू रक्तात गेले, थंडीताप भरला आणि तू गेलीस. तो दारात येऊन म्हणाला, "मी आधीच सांगत होतो." हे मी इतकी वर्षं विसरले नाही.

काल तो आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा होता आणि आभार मानायचं काम माझ्याकडे. शाल-नारळ झाल्यावर मी माइक घेतला. म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी माझ्या आईच्या हाताला एकदाही हात लावला नाही. तिला चारचौघांत आळशी म्हणाले. ती गेली. त्याबद्दल त्यांचे आभार." मग बाही वर करून हात त्याच्यापुढे धरला. "आता तरी लावा." हेडसर खुणा करत होते, करू देत. त्याने बोटं ठेवली आणि त्याचा चेहराच उतरला. मला वाटलं, म्हणेल आठवत नाही. मग आणखी सुनावणार होते, सगळं पाठ होतं माझं. तर म्हातारा उठला, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलं माझं, बाई. तपासायला हवं होतं."

मी माइक ठेवला आणि खाली उतरले. नाही केलं माफ. करणारही नाही. हेडसर म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडले, आता ताणू नका. तूही तेच म्हणाली असतीस, "जाऊ दे गं, म्हातारा हाय तो." वर त्याच्यासाठी चहा टाकला असतास, आणि मला तुझं ऐकावं लागलं असतं. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही ते बरंच आहे. खरं सांगू? तू नाहीस याचं काल पहिल्यांदाच मला बरं वाटलं.