बिनगिअरची गाडी निघाली की

नाना, राऊ गावातल्या एका गॅरेजात एकाच मॉडेलच्या दोन जुन्या स्पोर्ट्स कार उभ्या आहेत. एक हाताने गिअर बदलायची, दुसरी ऑटोमॅटिक. त्यांतली एक मी घेणार आहे. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईला दोन पर्यायांतून एक निवडणे जड जाऊ नये. ते जड गेले तुमच्यामुळे, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

मी कॉलेजात शिकत असताना तुम्ही धाकट्या भावाला महू रोडवर गाडी शिकवायला नेत होतात. मी मागच्या सीटवर बसून सारे ऐकत असे. एकदा विचारले, आता मी चालवू का? तुम्ही आरशातून माझ्याकडे पाहिलेत आणि शांतपणे म्हणालात, "आपल्या घराण्यात लगाम पुरुषांनीच धरले. क्लच-गिअर तुझं काम नव्हे. बिनगिअरची गाडी निघाली की सांग, शिकवीन." भाऊ हसला, मग तुम्हीही. तुमच्या लेखी तो विनोद होता. माझ्या लेखी निकाल, आणि त्यावर अपील नव्हते.

त्या निकालाची तपासणी मी पुढे पुष्कळदा केली. गिअर हातात असणे म्हणजे गाडी ताब्यात असणे, हे तुमचे गृहीत. मग महूच्या पुढचा घाट उतरताना, पेट्रोल वाचावे म्हणून, तुम्ही इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये का सोडत होतात? ब्रेक तापल्याचा वास येतो आहे, आई पदराचे टोक मुठीत धरून बसली आहे, आणि तुम्ही आम्हाला गप्प बसायला बजावता आहात. ज्या उतारावर गिअरची खरी गरज, तिथेच ताबा सोडून देणारा माणूस आम्हाला ताब्याचे धडे देत होता. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितले नाही. पहिल्या पगारातून ड्रायव्हिंग स्कूलची फी भरली आणि शिकले. पुढे माझ्या गाडीत तुम्ही शेवटपर्यंत कधी माझ्या शेजारी बसला नाहीत. भाड्याच्या ड्रायव्हरमागे बसावे तसे मागे बसायचात.

काल दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. मॅन्युअलचा क्लच जड आहे, पण तिसऱ्या गिअरला इंजिन असे खुलते की वयाचा विसर पडावा. ऑटोमॅटिक जुनी, म्हणून संथ. ओव्हरटेक करायचे म्हटले की आधी विचार करते, मग वेग घेते. शिवाय मी सवयीने डावा पाय क्लच समजून ब्रेकवरच दाबला आणि गाडी भर रस्त्यात गचकन थांबली. शेजारी बसलेल्या गॅरेजवाल्याने डॅशबोर्डला हात टेकून स्वतःला सावरले. "मॅडमजी, लेफ्ट पैर को छुट्टी दे दो," तो म्हणाला, आणि थोडे थांबून, "वैसे हाथ तो आपका मॅन्युअल का ही है." जे तुमच्या तोंडून कधी निघाले नाही, ते एका परक्या माणसाने सहज म्हटले.

त्यामुळे पेच सुटला नाही, उलट घट्ट झाला. ऑटोमॅटिक घेतली तर तुमचा शब्द खरा ठरतो. मॅन्युअल घेतली तर ती तुम्हाला खोटे ठरवण्यासाठी घेतलेली, म्हणजे निवड पुन्हा तुमचीच. गाडी माझी, पैसा माझा, आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशी तुम्ही उभे.

आज सकाळी ऑटोमॅटिक पक्की केली. गॅरेजवाला हिरमुसला, तेव्हा म्हटले, डावा गुडघा क्लच सोसत नाही. लगेच त्याने सियागंज बाजारातल्या कुठल्याशा मालिशच्या तेलाचा पत्ता दिला. भावाला फोनवर हेच कारण सांगितले. त्यालाही ते पटले.

तुम्हाला माफ केले, असा अर्थ यातून काढू नका. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून एवढे लिहून ठेवते. इतकी वर्षे प्रत्येक गिअर मी तुम्हाला ऐकू जावा म्हणून टाकला, आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे. गुडघ्याला काहीही झालेले नाही.